इस्रायलमध्ये आजींच्या देखभालीचं काम: सायरन, ममाद आणि शोकाचं घर. जाण्याआधी काय शिकून घ्यावं?

साखरपेठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या वहिनी जीएनएम नर्स आहेत. गाझाजवळच्या अश्कलोन शहरात एका ८४ वर्षांच्या आजींच्या घरी राहून देखभाल करण्याचं काम ठरत आलंय. आजी व्हीलचेअरवर, एका कानाला यंत्र, साखर आणि बीपीच्या गोळ्या चालू. त्यांचा नातू युद्धात गेला. एजंट म्हणतो, "तिथं घरोघरी बंकर असतो, काळजी कशाला?" तेवढ्यावर विसंबून माणूस पाठवायचा नाही.

नेमकं विचारायचंय ते असं. घराबद्दल आधी काय विचारून घ्यावं? सायरन वाजला की चालता न येणाऱ्या माणसाला कसं हलवतात? असं दुःख झालेल्या घरात काय बोलायचं, काय नाही? आणि इकडे सोलापुरात बसून आम्ही काय करावं? युद्ध बरोबर की चूक याचा वाद इथे नको, कामाचं सांगा.

कॉलम-बीम

घरापासून सुरुवात करतो. बंकर हा शब्द सोडा, तिथं तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतला फरक जिवाचा आहे. ममाद म्हणजे फ्लॅटच्या आतलीच एक आरसीसी खोली. मिकलात म्हणजे इमारतीच्या तळाशी किंवा गल्लीत असलेला सामाईक निवारा. मिगुनीत म्हणजे रस्त्याकडेला, बसथांब्याशेजारी ठेवलेला काँक्रीटचा तयार ठोकळा. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची सुमारे ४० स्कड क्षेपणास्त्रं इस्रायलवर पडली. त्यानंतर १९९२ पासून नव्या घरांत ममाद सक्तीचं झालं. त्याआधीच्या इमारतींत ते बहुधा नसतं, आणि म्हातारी माणसं जुन्याच घरांत राहतात. मे २०२१ मध्ये याच अश्कलोनमध्ये देखभालीचं काम करणारी केरळची एक बाई रॉकेटने गेली. त्या घरात ममाद नव्हतं. म्हणून करारावर सही करण्याआधी पहिला प्रश्न हाच: घरात ममाद आहे का, आणि आजी रात्री कुठे झोपतात?

हे का, तर वेळेचं गणित बघा. गाझाकडून रॉकेट आलं तर स्देरोतला १५ सेकंद मिळतात, अश्कलोनला ३०, अश्दोदला ४५, बेर शेवाला ६०, तेल अवीवला ९०. सायरन सुरू झाल्यापासून दार बंद होईपर्यंतचा हा सगळा वेळ. इराणहून येणाऱ्या क्षेपणास्त्राला बारा मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणून जून २०२५ च्या इराणबरोबरच्या बारा दिवसांच्या युद्धात लोकांना फोनवर काही मिनिटं आधी पूर्वसूचना मिळायची आणि मग सायरन. पण जवळून आलेल्या रॉकेटला अशी पूर्वसूचना नसते. चालता न येणाऱ्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घ्यायलाच ३० सेकंदांच्या वर लागतात. तेव्हा अश्कलोनमध्ये 'सायरन झाला की आजींना ममादमध्ये नेऊ' हा बेत चालणारच नाही. पलंगच ममादमध्ये हवा. बऱ्याच घरांत ही खोली अडगळीची किंवा पाहुण्यांची करून ठेवलेली असते, ती पहिल्या आठवड्यातच रिकामी करून घ्या.

आता खोली तपासायची कशी. बाहेरच्या भिंती साधारण २५ ते ४० सेंटीमीटर आरसीसीच्या असतात. दार पोलादी आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं, म्हणजे स्फोटाचा दाब आला की ते चौकटीवर आणखी घट्ट बसतं. मूठ पूर्ण फिरवली नाही तर मात्र तेच दार दाबाने उघडू शकतं, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. मूठ अडेपर्यंत फिरवायची सवय हाताला लागली पाहिजे. खिडकीला बाहेरून पोलादी झडप असते, ती भिंतीच्या खाचेतून सरकते. वर्षानुवर्षं सरकवली नसली तर रुळात धूळ-गंज साचून ती अडकते, मग ऐन वेळी निम्मीच लागते. दिवसा उघडून बघा, रूळ पुसा, वंगण द्या. चौकटीच्या रबरी पट्टीवर कुणी रंग फासलेला नाही ना, तेही बघा. तणावाच्या दिवसांत झडप बंदच ठेवायची, उजेडाची हौस नको. बऱ्याच दारांना खाली उंबरा असतो, त्यावर व्हीलचेअरची पुढची लहान चाकं अडतात. लाकडी उतार ठोकून घ्यावा आणि खुर्चीची रुंदी दाराशी मोजून बघावी.

अजून एक. हे दार स्फोटासाठी केलेलं आहे, घुसखोरासाठी नाही. बाहेरून मदत करणाऱ्यांना उघडता यावं म्हणून त्याला साधारणपणे आतून कुलूप नसायचं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने हल्ला केला तेव्हा गाझाजवळच्या किबुत्झांमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतींमध्ये, माणसं तासन्‌तास ती मूठ हातांनी धरून उभी होती, ती यामुळेच. त्या एका दिवसात सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. तेव्हापासून बऱ्याच घरांनी आतून अडसर बसवून घेतलाय. वहिनींच्या घरात तो असेल तर कसा लावतात-काढतात ते शिकून घ्यावं.

आणि खोलीवर आंधळा भरवसाही नको. जून २०२५ मध्ये पेताह तिक्वा शहरात इराणचं क्षेपणास्त्र थेट ममादवरच आदळलं आणि आतली माणसं गेली. मोठ्या क्षेपणास्त्राचा थेट मार ही खोली झेलेलच असं नाही. आजूबाजूला पडलेल्या स्फोटाचे तुकडे, काचा आणि दाब यांच्यापासून मात्र ती वाचवते, आणि बहुतेक जखमा त्यांच्याच असतात.

रात्रपाळी

वहिनींसाठी सेवेच्या बाजूने लिहिते.

ममादमध्ये कायम ठेवायचं ते असं: पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरून तीन दिवसांचं, आजींच्या गोळ्यांचा किमान आठवड्याचा डबा आणि त्यावर औषधांची हिब्रूत लिहिलेली यादी, साखर एकदम उतरली तर ज्यूस किंवा ग्लुकोज, डायपर, बेडपॅन, ओले पुसणे, बॅटरी, पॉवर बँक, सेलवरचा रेडिओ. श्रवणयंत्राचे सेल वेगळे ठेवा. जाड काँक्रीटमुळे आत मोबाइलला रेंज येत नाही, म्हणून वायफायचं यंत्र आत किंवा दाराजवळ हवं. हे आधी तपासलं नाही, तर सर्वांत गरजेच्या क्षणी फोन मुका होतो.

आजी रात्री यंत्र काढून झोपणार, म्हणजे सायरन त्यांना ऐकू येणार नाही. दिवा लावून खांद्यावर हात ठेवून उठवायचं, अंधारात ओढाओढ करायची नाही. पलंग आतच असेल तर काम फक्त दार लावण्याचं उरतं, आजींना झोपू दिलं तरी चालतं. दिवसा त्या हॉलमध्ये असतील तर खुर्चीचं तोंड ममादकडे करून ठेवा, ब्रेक कुठला ते हाताला पाठ हवं, वाटेत गालिचा किंवा वायर नको. सायरनमध्ये जखमी होणाऱ्यांत पळताना पडलेले बरेच असतात. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडणं हे रॉकेटइतकंच गंभीर समजा. अंघोळ सर्वांत अवघड. तणावाच्या दिवसांत शॉवर बंद, पलंगावरच अंग पुसून काढणं बरं. घालायचीच असेल तर दोन माणसं घरात असताना, झटपट, टॉवेल आणि पुढून बंद होणारा गाऊन हाताशी ठेवून.

ममाद नसेलच तर? बाहेरच्या भिंती आणि खिडक्या कमीत कमी असतील अशी आतली खोली किंवा बोळ निवडा. स्वयंपाकघर, संडास, न्हाणीघर नको, तिथल्या टाइल्स आणि काचाच तुकडे होऊन लागतात. तीन मजल्यांहून उंच इमारतीत जिना बरा, पण डोक्यावर निदान दोन मजले हवेत. रस्त्यावर एकटी असताना सायरन झाला आणि आडोसा नसला तर जमिनीवर पालथं पडून दोन्ही हात डोक्यावर. गाडीत असेल तर गाडी कडेला लावून बाहेर पडायचं आणि गाडीपासून दूर जायचं.

बाहेर कधी यायचं? पूर्वी दहा मिनिटं थांबा असं सांगत. आता फोनवर मोकळीक मिळाल्याचा संदेश येईपर्यंत थांबायचं. हवेत पाडलेल्या रॉकेटचे तुकडे मागाहून खाली येतात, म्हणून गॅलरीत जाऊन आकाश बघणं जिवावर बेतू शकतं. तुकडा सापडला तर हात लावू नये.

सायरनचे दोन आवाज मात्र वहिनींनी आत्ताच ऐकून ठेवावेत. हल्ल्याचा सायरन वर-खाली होतो. एकसुरी, सरळ चालणारा आवाज हा स्मृतिदिनाचा. होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या यहुद्यांच्या हत्याकांडाच्या, स्मृतिदिनी सकाळी १० ला दोन मिनिटं, आणि सैनिकांच्या स्मृतिदिनी आदल्या रात्री ८ ला एक मिनिट, दुसऱ्या दिवशी ११ ला दोन मिनिटं. तेव्हा पळायचं नसतं, आहे तिथे उभं राहायचं असतं. हमरस्त्यावरची वाहतूकसुद्धा थांबते.

नंबर: रुग्णवाहिका १०१, पोलीस १००, आग १०२, होम फ्रंट कमांड (नागरी संरक्षण बघणारा लष्करी विभाग) १०४. होम फ्रंट कमांडचं ॲप इंग्रजीत चालतं, त्यात राहतं गाव निवडायचं.

हिब्रूतले पाच-सहा शब्द पाठ करून जावेत. 'बोई इती' म्हणजे बाईमाणसाला 'माझ्याबरोबर चला'. 'आनी पो', मी इथेच आहे. 'ले-आत, ले-आत', हळूहळू. सायरनला 'अझाका'. आणि कुणी 'माहेर' असं ओरडलं तर ते आपलं माहेर नव्हे, 'लवकर' असा अर्थ आहे.

पार्क चौक

वरचं सगळं बरोबर. पण सायरन थांबतो, शोक त्या घरात वर्षानुवर्षं राहतो, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

यहुदी रीतीत अंत्यविधी शक्य तितक्या लवकर, जमलं तर त्याच दिवशी होतो. दहन नाही, दफन. त्यानंतर सात दिवसांचा 'शिवआ'. हा आपला शिव नव्हे, हिब्रूत सात या आकड्यावरून आलेला शब्द आहे. घरातली माणसं बुटक्या आसनावर बसतात, कातडी चपला-बूट घालत नाहीत, दाढी करत नाहीत, बऱ्याच घरांत आरसे झाकतात, आणि सात दिवस एक मेणबत्ती तेवत असते. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, त्यात उकडलेली अंडी, मसूर असे गोल पदार्थ. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो, तसंच हे समजा. दार लोटलेलं असतं, बेल वाजवायची नसते. फाटकावर काळ्या चौकटीचा कागद लागतो, त्यावर नाव, पत्ता आणि भेटायच्या वेळा.

आत गेल्यावर 'शालोम' म्हणायचं नाही. गप्प बसायचं, घरचं माणूस बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. हा नियमच आहे, आणि परक्या भाषेतल्या माणसाला तो फार सोपा पडतो. हिब्रू येत नाही म्हणून वहिनींनी संकोच करू नये, शेजारी बसणं हेच तिथं भेटणं आहे. निघताना 'शे-लो तेद-ऊ ओद त्साअर' म्हणतात, म्हणजे यापुढे तुम्हाला दुःख न कळो. 'देवाची मर्जी', 'शहीद झाला, अभिमान वाटला पाहिजे', 'वेळ गेला की बरं वाटेल' यांतलं काहीही बोलू नये. नातवाचं नाव घेऊन 'तो कसा होता?' एवढं विचारावं, तेही आजींनीच विषय काढला तर.

आता साखरपेठ, तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. रीतीप्रमाणे शोक पाळणारी नाती सातच: आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा-बायको. आजी त्यात येत नाही. म्हणजे नातवाचा शिवआ झाला तो त्याच्या आईबापांच्या घरी. लोक आले ते त्यांना भेटायला. आजीला त्यात ठरलेली जागा नाही. तिचं दुःख दुहेरी, नातू गेला आणि पोटच्या लेकराचं दुःखही बघावं लागतंय. तिला धीर द्यायला मात्र वेगळं कुणी येत नाही, आणि मुलासमोर ती रडत नाही, त्याला आणखी त्रास नको म्हणून. हे रडणं बाहेर येतं ते दुपारी घर रिकामं असताना, अंग पुसताना, जेवण भरवताना. तेव्हा समोर वहिनीच असणार. हातातलं काम तसंच हळू चालू ठेवावं किंवा थांबून बसावं. टीव्ही लावून लक्ष दुसरीकडे वळवण्याची घाई नको.

पुढच्या तारखा वहीत लिहून ठेवा: तिसावा दिवस, वर्षश्राद्धासारखा 'यारझाइट', आणि सैनिकांचा स्मृतिदिन, जो हिब्रू पंचांगाने साधारण एप्रिल-मे मध्ये येतो. त्या दिवशी कुटुंब लष्करी स्मशानात जाईल आणि आजीही जाईल. उन्हाची टोपी, पाणी, दुपारची गोळी, सुकं काही खायला, खुर्चीची चाकं तपासलेली. कबरीवर लहान दगड ठेवायची रीत आहे, आजीचा हात पोचत नसेल तर दगड त्यांच्या हातात देऊन खुर्ची जवळ न्यावी, आपण परस्पर ठेवू नये. स्मृतिदिन संध्याकाळी संपतो आणि लगेच स्वातंत्र्यदिन सुरू होतो, आतषबाजीसकट. शोकातल्या घराला तो तासभर फार जड जातो. फटाक्यांच्या आवाजाने वृद्ध माणसं दचकतात, तेव्हा खिडक्या आधीच लावून घ्याव्यात.

रेल्वे स्टेशनांवर, बसथांब्यांवर गेलेल्या तरुण मुलांचे फोटो असलेले स्टिकर हजारोंनी चिकटवलेले दिसतील, खाली त्या मुलाचं किंवा मुलीचं एखादं वाक्य. २०२३ नंतर हे फार वाढलंय. त्यावर सामान टेकवू नये, खरवडू नये.

सात रस्ता

माहिती चांगली आहे, पण एकच बाजू बघतोय आपण. गाझात ना सायरन आहे ना ममाद. तिथल्या मेलेल्यांचं काय?

पार्क चौक

तुमचं म्हणणं खरं आहे, दादा. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार तिथं ६०,००० हून अधिक माणसं मेली आणि लोकांसाठी सरकारी निवारे नव्हतेच. हे लपवून इथे काही लिहायचं नाही. आणि इस्रायलच्या बाजूलाही दुःख एकाच धर्माचं नाही. २७ जुलै २०२४ ला इस्रायलच्या ताब्यातल्या गोलान टेकड्यांवरच्या मजदल शम्स या द्रुझ (अरबी बोलणारा वेगळा धर्मपंथ) गावात फुटबॉलच्या मैदानावर रॉकेट पडून १२ मुलं गेली, सायरन आणि स्फोट यांच्यामध्ये काही सेकंदच होते. जून २०२५ मध्ये तामरा या अरब गावात घरावर क्षेपणास्त्र पडून एकाच कुटुंबातल्या बायका-मुली गेल्या. अरब गावांत निवारे फार कमी आहेत, दक्षिणेतल्या नेगेव वाळवंटातल्या बेदुईन अरबांच्या वस्त्यांत तर जवळजवळ नाहीतच. वहिनींना पुढे अरब घरात काम मिळालं तर तिथला शोक साधारण तीन दिवसांचा, आणि येणाऱ्याला बिनसाखरेची कडू कॉफी देतात. ती नाकारू नये, थोडी तरी घ्यावी.

मनाची नोंदवही

मानसिक प्रथमोपचाराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इस्रायलमध्ये प्रा. मोशे फारची यांनी बसवलेली एक पद्धत सरकारने सगळीकडे स्वीकारली आहे. स्फोटानंतर माणूस थिजतो, थरथरतो, उत्तर देत नाही. अशा वेळी आपण मिठी मारतो, पाणी पाजतो, 'रडू नका' म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की यामुळे माणूस अधिकच असहाय होतो, त्याला कामाला लावलं पाहिजे. पायऱ्या अशा:

समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसून सांगायचं, "मी इथेच आहे, कुठे जात नाही." मग विचार करावा लागेल असा छोटा प्रश्न: "खोलीत आपण किती जण आहोत?" मग दोनांतली एक निवड: "पाणी आधी की शाल आधी?" मग एक काम: "ही बॅटरी धरा, मला उजेड हवाय." शेवटी घटनांची ओळ लावायची: "सायरन झाला, आपण दार लावलं, आवाज आला, आता थांबलाय. सव्वातीन वाजलेत." शेवटचं वाक्य विसरू नये. थिजलेल्या मनासाठी तो आवाज अजून चालूच असतो, घड्याळ सांगितल्यावर तो मागे पडतो. डिमेन्शिया असेल तर मात्र प्रश्नांची सरबत्ती नको, हात धरणं आणि ओळखीचं गाणं चालतं.

ही धक्क्याच्या पहिल्या काही मिनिटांची पद्धत आहे. शोकाला ती लावू नये. रडणाऱ्या आजीला 'ही बॅटरी धरा' म्हणणं क्रूरपणा होईल.

एराण ही फोनवर मन मोकळं करण्याची सेवा १२०१ वर चालते. नताल ही युद्धाच्या आघातासाठीची संस्था आहे. वहिनींनी स्वतःची झोपही मोजावी: तीन-चार रात्री सलग मोडल्या की गोळ्यांच्या मात्रेत चूक होते. आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळते, ती युद्धातही सोडू नये, आजीच्या मुलांना त्या दिवशी यायला सांगावं. हक्कांबाबत अडलं तर काव लाओवेद ही कामगारांची संस्था आहे. कायदेशीर व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला हल्ल्यात इजा झाली तर तिथल्या राष्ट्रीय विमा संस्थेकडे, बितुआख लेउमीकडे, दावा करता येतो. पोचल्या-पोचल्या तेल अवीवच्या भारतीय दूतावासात नोंद करावी. भारतीयांना परत आणायला ऑक्टोबर २०२३ ला ऑपरेशन अजय आणि जून २०२५ ला ऑपरेशन सिंधू झालं, तेव्हा परत येऊ इच्छिणाऱ्यांनी याच नोंदणीतून नाव दिलं होतं.

साखरपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पलंग ममादमध्ये, हे आजच कळवतो. एकच राहिलं, आम्ही घरची माणसं रात्री काय करायचं? आईने आत्ताच दोन ॲप टाकून घेतलेत.

रात्रपाळी

आईंच्या फोनवरची दोन्ही काढून टाका, ओ. ॲप घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा आणि त्यातही फक्त अश्कलोन निवडा, नाहीतर देशभराचे सायरन वाजत राहतात. उन्हाळ्यात इस्रायल आपल्या अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन. तिथं रात्री तीनला वाजलं तर उन्हाळ्यात तुमच्याकडे पहाटेचे साडेपाच. वहिनींशी दोन शब्द ठरवून ठेवा: आत गेल्यावर 'आत', मोकळीक मिळाली की 'बाहेर'. पहिला अर्धा तास इकडून कुणीही फोन करायचा नाही. त्या वेळी त्यांचे दोन्ही हात आजीसाठी मोकळे हवेत. 'आत' येऊन तासाभरात 'बाहेर' आला नाही, तर त्या एकाच माणसाने आजींच्या मुलाला फोन करायचा, म्हणून त्याचा नंबर निघण्याआधी घ्या. रॉकेटचे व्हिडिओ वहिनींकडे मागू नका, कुठे पडलं ते दाखवायला तिथं लष्करी बंदी आहे. आईंना झोप लागत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

सामानात ज्वारीचं पीठ देणार असाल तर आधी घरच्यांना विचारा. कोशेर, म्हणजे यहुदी आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरात दुधाची आणि मांसाची भांडी वेगळी असतात, आपला तवा तिथं मिसळलेला चालत नाही. वल्हांडणाच्या (पेसाख) सणात गहू-जवासारख्या पाच धान्यांचं पीठ घरात ठेवत नाहीत. ज्वारी त्या वर्ज्य पाच धान्यांत येत नाही, तरी काही घरं तीही टाळतात. शेंगाचटणी बंद डब्यात, साध्या शेंगदाणा-लसूण-तिखटाची, वर काय काय आहे ते इंग्रजीत लिहून. आणि चादर द्याच. ममादमध्ये रात्री एसी चालतो, आजींनाही पायावर लागेल, म्हणून दोन द्या.